गृहकृत्यदक्ष कोणाला म्हणावं?

लग्नाच्या छोट्या जाहिराती ज्यांनी कधी ना कधी चाळल्या आहेत, त्यांना 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द नवा नाही. बोलताना तो कुणी वापरत नाही. बोलताना आपण सुगरण म्हणतो, कामसू म्हणतो, 'तिच्या हाताला उरक आहे' म्हणतो. गृहकृत्यदक्ष मात्र 'गोरी, सडपातळ'च्या पाठोपाठ छापून यायचा. जाहिरातीला शब्दांवर पैसे पडायचे, आणि या एका जोडशब्दात खूप काही बसायचं: स्वयंपाक येतो, कामाला कंटाळत नाही, सासरी सगळ्यांचं करील.

जाहिरातींनी हा शब्द फार लहान करून टाकला, असं मला मनापासून वाटतं. त्याचं मूळ रूप मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सापडतं: 'सदा प्रहृष्टया भाव्यं गृहकार्ये च दक्षया'. स्त्रीने नेहमी हसतमुख असावं आणि घरकामात दक्ष असावं. त्याच श्लोकात पुढे भांडीकुंडी नीट राखणं आणि खर्चात हात आवरता ठेवणं येतं. नवव्या अध्यायात तर पैशाचा संचय आणि खर्च ही कामं बायकोकडे सोपवावीत, असं सांगितलं आहे. हे तिच्या भल्यासाठी लिहिलेलं नाही. बायको ताब्यात कशी राहील याच्या विवेचनात हा सल्ला येतो, आणि ते झाकून ठेवायचं काही कारण नाही. पण घरातल्या कामाचा आवाका केवढा होता, हे मात्र त्यातून कळतं. कामसूत्र लिहिणारा वात्स्यायन आणखी पुढे जातो. 'सांवत्सरिकमायं संख्याय तदनुरूपं व्ययं कुर्यात्': वर्षाची मिळकत मोजावी आणि त्या बेताने खर्च करावा. हे तो गृहिणीच्या कामांत सांगतो. भाज्यांचं बी राखून ठेवणं आणि वेळेवर पेरणं, हेही त्याच यादीत आहे.

म्हणजे या कामात तिजोरी होती, कोठार होतं, परसही होतं. जाहिरातीत येईपर्यंत त्यातलं स्वयंपाकघर तेवढं उरलं.

आता वर्षाच्या बेगमीचंच बघू. उन्हाळ्यात गहू घरी यायचा. तो पुरता वाळलाय की नाही, हे दाणा दाताखाली फोडून बघायचं. कट्‌कन फुटला तर बरा, दबला तर अजून ऊन हवं. ऊन दाखवल्यावर तो लगेच भरायचा नाही, पूर्ण गार होऊ द्यायचा, कारण गरम धान्य कोठीत घाम धरतं आणि मग कीड लागते. थराथरांत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, तोही बेताने, म्हणजे डाळ चिकट न होता दाण्यावर पातळ पापुद्रा बसतो आणि किडीला अंडी घालणं जड जातं. सुपाचं तर स्वतंत्र शास्त्र आहे. पाखडणं वेगळं, आसडणं वेगळं, घोळणं वेगळं. तिन्हींत मनगटाची हालचाल निराळी. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. तो शिजवताना हात थांबला की गुठळी झालीच. यातलं कुठलंही काम 'सहज जमतं' या सदरात मोडत नाही. हिशेब, निरीक्षण आणि हवामानाचा अंदाज, तिन्ही लागतात.

आणि हे करणाऱ्या सगळ्यांना ही पदवी मिळाली असंही नाही. ती पांढरपेशा घरांची पदवी होती. शेतात निंदणी-खुरपणी करून येऊन चूल पेटवणाऱ्या बाईला कुणी गृहकृत्यदक्ष म्हटलं नाही, तिचं ते चालूच असायचं. तिचं बोलणं ऐकायचं तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावं लागतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या. कामाचा शीण, माहेरची ओढ, सासरचा जाच, सगळं त्यात बायकांच्या स्वतःच्या तोंडून आलं आहे.

1916 साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्राला जागा दिली. मुलींना घरातच ठेवायचा हा मार्ग, अशी टीका त्यावर करता येते आणि ती रास्तही आहे. मला त्यातली दुसरी बाजूही मोलाची वाटते: हे काम शिकावं लागतं, त्यात ज्ञान आहे, हे एका विद्यापीठाने मान्य केलं.

सरकारी कागदांवर मात्र उलट घडलं. घर सांभाळणाऱ्या बायकांची 2001च्या जनगणनेतली नोंद बिगरकामगार अशी झाली, त्याच गटात भिकारी आणि कैदीही होते. 2010 साली अपघात-भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. आणि 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात, तर पुरुष 97. मुळात असं काम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच.

पण मिनिटं मोजून 'दक्ष' हा शब्द पुरा होत नाही. दक्ष म्हणजे सावध, लक्ष असलेला. कवायतीत 'दक्ष' म्हटलं की अंग ताठ होतं आणि कान टवकारतात, ते हेच. हल्ली पुष्कळ घरांत पुरुष कामाला हात लावतात, याचा मला आनंदच आहे. 'काय करायचं ते सांग, मी करतो', असंही म्हणतात. पण सांगावं लागतं, म्हणजे लक्ष अजून तिचंच आहे. भाजी तो आणतो, काय संपलंय हे तिला ठाऊक असतं. डॉक्टरकडे तो नेतो, लसीची तारीख तिच्या डोक्यात असते. हे कुठल्याही सर्वेक्षणाच्या रकान्यात येत नाही.

आजच्या जाहिरातींत 'उच्चशिक्षित, नोकरी करणारी, गृहकृत्यदक्ष' असं सलग लिहिलेलं दिसतं तेव्हा मला राग येतो, कारण तिथे एकाच पगारात दोन नोकऱ्या मागितलेल्या असतात. व्याकरणाने या शब्दाला लिंग नाही. 'गृहकृत्यदक्ष वर' हा प्रयोग अगदी शुद्ध आहे. इथे मुलांचे आईवडील बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे: मुलाला पोळ्या लाटायला जरूर शिकवा, पण त्याआधी महिन्याचं वाणसामान त्याच्याकडे द्या. यादी त्यालाच करू दे. काही विसरला तर आठवण करून देऊ नका. साखर संपलेल्या दिवशी चहा बिनसाखरेचा प्या, आणि पुढच्या महिन्याची यादीही त्यालाच करू दे.