पट्ट्यावरून सरकणारा कचरा

पडद्यावर सरकताना दिसतो आहे तो सुक्या कचऱ्याचा पट्टा आहे. त्यावर वर्तमानपत्रे, पुठ्ठ्याची खोकी, रिकाम्या बाटल्या आणि पेयांचे डबे आहेत, आणि मधूनच एखादी एकटी चप्पलही जाते. घरोघरी वेगळा ठेवलेला हा कचरा इथे पुन्हा एकदा निवडला जातो. ते काम कसे चालते आणि नेमके कुठे अडते, हे पाहण्यासाठी आपण पट्ट्याच्या कडेकडेने चालत जाऊ.

वेगवेगळ्या डब्यांची कल्पना आजची नाही. १८८३च्या अखेरीस पॅरिसचे तत्कालीन प्रशासक यूजीन पूबेल यांनी असा आदेश काढला, की घरमालकांनी भाडेकरूंसाठी झाकणाची भांडी ठेवावीत. त्यातही कुजणाऱ्या कचऱ्याचे भांडे निराळे, कागद व चिंध्यांचे निराळे आणि काच, फुटकी भांडी व शिंपले यांचे निराळे असावे. पुढे त्यांचे आडनावच फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याचे नाव होऊन बसले. एवढी चिरंतन कीर्ती फार थोड्या प्रशासकांच्या वाट्याला आली असेल.

आता यंत्राकडे वळू. फिरत्या चकत्यांच्या या चाळणीवरून मोठे, सपाट पुठ्ठे तरंगल्यासारखे पुढे जातात आणि लहान वस्तू फटींतून खाली पडतात. पट्ट्याच्या वर टांगलेला लोहचुंबक लोखंडी डबे उचलून घेतो. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, म्हणून त्याच्यासाठी निराळी युक्ती आहे: पट्ट्याच्या टोकाशी असलेल्या रुळात चुंबक वेगाने फिरतात, त्यांच्यामुळे डब्याच्या धातूत क्षणभर विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि डबा बेडकासारखी उडी मारून पलीकडच्या कप्प्यात जाऊन पडतो. ही उडी आम्ही संथ गतीने मुद्दाम दोनदा दाखवतो आहोत, कारण या डब्याचे मोलही तसेच आहे. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुने वितळवून पुन्हा वापरता येते.

यानंतर प्लॅस्टिकची पाळी येते. वरून पडणारे अवरक्त किरण प्रत्येक प्रकारच्या प्लॅस्टिकवरून वेगळ्या रीतीने परावर्तित होतात, तो फरक संवेदक टिपतो आणि हवेचा नेमका झोत बाटलीला तिच्या वाटेला लावतो. मात्र ही काळी तबकडी पाहा. तिच्यातील काजळीचा रंग किरण शोषून घेतो, त्यामुळे यंत्राच्या लेखी ती जणू पट्ट्यावर नसतेच, आणि ती थेट टाकाऊ ढिगात जाते.

इथे पट्टा थांबला आहे. चाळणीच्या दांड्याला पातळ पिशव्या इतक्या घट्ट गुंडाळल्या गेल्या आहेत, की एक कामगार आत वाकून चाकूने त्या कापून काढतो आहे. डबा खराब होऊ नये म्हणून सुका कचरा पिशवीत बांधून टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, परंतु त्या गाठीची किंमत हा माणूस मोजतो. सुका कचरा डब्यात सुटाच टाकायला हवा.

आता हे खोके जवळून पाहू. तळाशी तेलाचा डाग पसरला आहे. कागद पुन्हा तयार करताना आधी तो पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात. त्या पाण्यात तेल मिसळत नाही, ते तंतूंना धरून राहते आणि नव्या कागदावर डाग होऊन उमटते. यंत्र धातू ओळखते, प्लॅस्टिकही ओळखते, पण कागदात मुरलेले तेल त्याला काढता येत नाही. तेलकट भाग फाडून बाजूला काढणे आणि बाटली घोटभर पाण्याने विसळून घेणे, ही दोन कामे फक्त डब्यापाशी उभ्या असलेल्या माणसालाच जमतात. फुटलेल्या काचेचेही तसेच आहे. तिचे कण कागदात रुतले, की ते वेचणे अशक्यप्राय होते. काचेच्या भट्टीत चित्रीकरण करता आले नाही, त्यामुळे काचेची गोष्ट इथेच थांबवतो.

वाफ निघते आहे तो ढीग ओल्या कचऱ्याचा आहे. त्यात खोचलेला तापमापक ५८ अंश सेल्सिअस दाखवतो आहे. ही उष्णता बाहेरून दिलेली नसून खत करणाऱ्या जिवाणूंनीच निर्माण केलेली आहे. हाच कचरा गाडला गेला, तर हवेअभावी तो कुजून मिथेन वायू तयार करतो. बॅटऱ्या यांपैकी कोणत्याच डब्यात टाकू नयेत, कारण दाबाखाली फुटल्यास त्या पेट घेतात.

दांडा मोकळा झाला. कामगार बाहेर आला, त्याने हातमोजे झटकले आणि पट्टा पुन्हा सुरू झाला. त्यावरून पहिली येते आहे ती गच्च गाठ मारलेली एक पिशवी.