बारसं ते उष्टावण

(दृश्य: पाळणा. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मागे बायकांच्या बोलण्याचा आवाज.)

"फार गुणी आहे हो. रडणं नाही, त्रास नाही."

बारशाला आलेली प्रत्येक बाई हेच म्हणून जाते, आणि बाळ खरंच शांत आहे. चार घोट दूध ओढतं, दमतं, कपाळावर घाम येतो, झोपून जातं. डोळे किंचित तिरपे, अंग सैल. डॉक्टरांनी डाउन सिंड्रोमची शंका बोलून दाखवलीय. एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीन. घर अजून त्याच धक्क्यात आहे, त्यामुळे बाळाच्या छातीचा विचार कुणाच्या मनात नाही.

डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. त्यातला नेहमी आढळणारा दोष हृदयाच्या अगदी मध्यावर असतो. वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा आणि खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा जिथे एकमेकांना मिळायचे, तिथे ते मिळतच नाहीत. दोन झडपांच्या जागी एकच सामाईक झडप. डॉक्टर त्याला ए-व्ही कॅनॉल म्हणतात. घरात एवढंच कळतं, हृदयाला भोक आहे.

पण आपली गोष्ट भोकाची कमी आणि फुप्फुसाची जास्त आहे.

(दृश्य: शेतातला पाट. पाणी संथ वाहतंय.)

फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या या पाटासारख्या. पातळ काठ, कमी दाब. शरीराकडे जाणारं रक्त मात्र पंपाच्या जोरानं धावतं. मधल्या भोकातून हा जोर पाटात शिरतो. काठ फुटत नाहीत. ते जाड होत जातात. वाहिनीच्या भिंतीतला स्नायू वाढतो, आतलं अस्तर भरत जातं, वाट अरुंद होते. हेच पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसाच्या वाहिन्यांतला वाढलेला दाब. सुरुवातीच्या महिन्यांत हा बदल बहुधा उलटवता येतो. पुढे एका टप्प्यानंतर तो उलटत नाही.

डाउन सिंड्रोमच्या बाळात हे सगळं लवकर घडतं. फुप्फुसातले वायुकोश मुळात कमी, म्हणून रक्ताला पसरायला जागा कमी. नाकाघशाची वाट अरुंद, जीभ पुढे, त्यामुळे झोपेत श्वास अडखळतो. ऑक्सिजन उतरला की फुप्फुसाच्या वाहिन्या आणखी आवळतात. रक्तवाहिन्यांच्या वाढीला लगाम घालणाऱ्या एका प्रथिनाचं जनुकही नेमकं एकविसाव्या गुणसूत्रावरच आहे.

आणि आता त्या गुणीपणाबद्दल. पोटात असताना प्रत्येक बाळाच्या फुप्फुसाच्या वाहिन्या आवळलेल्या असतात. जन्मानंतर सहा-आठ आठवड्यांत त्या सैलावतात. मोठं भोक असलं, तर तेव्हा रक्त फुप्फुसात लोटतं. बाळाला धाप लागते, दूध पिताना घाम फुटतो, बाळसं धरत नाही. दिसायला वाईट, पण आईबाप दवाखान्यात धावतात. काही बाळांत मात्र वाहिन्या सैलावतच नाहीत. दाब दोन्हीकडे सारखा, त्यामुळे भोकातून फारसं रक्त जात नाही. स्टेथोस्कोपला आवाज सापडत नाही, धाप नाही. तीन महिन्यांचं बाळ धापा टाकता टाकता पाचव्या महिन्यात आपोआप 'सुधारलं', तर घरी आनंद होतो. हृदयाच्या डॉक्टरांना त्याच सुधारण्याची धास्ती वाटते. वाहिन्या जाड होऊन भोकातून जाणारं रक्त कमी झालेलं असू शकतं.

म्हणून आवाज येवो न येवो, डाउन सिंड्रोमच्या प्रत्येक बाळाची टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पहिल्या महिन्यातच व्हावी लागते. सुई नाही, चिरा नाही. छातीवर जेल लावून पडद्यावर बघायचं. ए-व्ही कॅनॉल निघाला, तर शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. आपल्या हिशोबानं सांगायचं, तर इको बारशाच्या आगेमागे आणि ऑपरेशन उष्टावणाच्या आत.

महाराष्ट्रात पैशाची वाट बंद नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोम आणि जन्मजात हृदयदोष, दोन्ही आहेत. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. अडचण कॅलेंडरची आहे. या कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, आणि या बाळाच्या हातात सहाच महिने असतात. त्यातच वजनाचा पेच. वजन वाढलं की करू म्हणावं, तर सगळी ताकद श्वासातच खर्च होतेय, वजन वाढणार कुठून? मग लघवी वाढवणारं औषध, गरज पडली तर नाकातून नळीनं दूध. मध्येच पावसाळ्यातली सर्दी छातीत उतरते आणि तारीख पुढे जाते.

नातेवाइकांचं एक वाक्यही तारीख पुढे ढकलतं. "तसंही बाळ असलंच, कशाला चिरफाड?" एके काळी डॉक्टरही असंच बोलत. अमेरिकेत १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेल्यांचं मृत्यूचं मध्यक वय २५ होतं. १९९७ मध्ये ते ४९ झालं. गुणसूत्रं तीच होती. त्या काळात ही हृदयं मात्र दुरुस्त होऊ लागली होती.

(दृश्य: शस्त्रक्रियागृहाचं दार. वर लाल दिवा.)

हृदय बाळाच्या मुठीएवढं. रक्त हार्ट-लंग मशीनमधून, म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रातून फिरतंय. हृदयाभोवतीच्या आवरणाचा तुकडा कापून पडद्याचं ठिगळ होतं, आणि एका झडपेच्या दोन होतात. १९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात सर्जन वॉल्टन लिलेहाय यांनी हा दोष पहिल्यांदा दुरुस्त केला, तेव्हा असं यंत्र त्यांच्या हाताशी नव्हतं. शेजारी झोपवलेल्या दुसऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्यांशी नळ्या जोडून त्याचं हृदय पंप म्हणून वापरलं होतं.

खरी जागरणं त्यानंतर, आयसीयूत. फुप्फुसाच्या वाहिन्या अजून चिडक्या असतात. घशातला कफ ओढला, बाळ कळवळलं, तेवढ्यानं त्या आवळतात आणि दाब एकदम चढतो. म्हणून गुंगी, भरपूर ऑक्सिजन, कधी वाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू. पुढे काही बाळांना घरी सिल्डेनाफिल सुरू राहतं. व्हायाग्रातलं औषध तेच, त्यामुळे मेडिकलवाला चिठ्ठीकडे पाहतो, मग बापाकडे, मग पुन्हा चिठ्ठीकडे. लाजू नका. ते फुप्फुसाच्या वाहिन्या सैल करतं.

उशिरा आलेली मुलंही असतात. चार वर्षांचं पोर, ओठ आणि नखं निळसर. प्रवाह उलटलाय, अशुद्ध रक्तच शरीरात जातंय. मांडीच्या शिरेतून नळी घालून आतला दाब मोजतात, ऑक्सिजन देऊन बघतात. दाब उतरला, तर अजून वाट असते. नाही उतरला, तर ते भोक बुजवायचं नाही. उजव्या कप्प्याला श्वास टाकायला तेवढीच खिडकी उरलेली असते. भोक आहे हे माहीत असूनही ते का बुजवायचं नाही, हे आईला समजावणं सर्वांत अवघड.

(दृश्य: घर. पाट, रांगोळी, चांदीची वाटी.)

आता हे आपलं बाळ. उष्टावण दोन महिने लांबलं, कारण मधले दिवस आयसीयूत गेले. मामाच्या मांडीवर बसलंय. मामानं सोन्याची अंगठी खिरीत बुडवून ओठांना लावली. बाळानं तोंड वाकडं केलं आणि मोठ्यानं भोकाड पसरलं. झबल्याच्या गळ्यातून छातीवरची उभी खूण दिसतेय. कपाळ कोरडं आहे.