एक तास, सात दिवस आणि बेरोजगारीचा दर

[दृश्य: बीड जिल्हा, जुलै. कपाशीत खुरपणी चालू आहे.]

ओळीनं पाच-सहा बाया खुरपत पुढं सरकताहेत. रात्री जोराचा पाऊस आला की उद्या वाफसा नाही, आणि वाफसा नाही म्हणजे रोज बुडाला. समजा, या आठवड्यात यांना दोनच दिवस काम मिळालं. तरी सरकारी मोजणीत यातली एकही बाई बेरोजगार धरली जाणार नाही. यात लपवाछपवी काही नाही, मोजायची रीतच तशी आहे.

[दृश्य: टॅब घेऊन दारात बसलेला पाहणी कर्मचारी.]

ही मोजणी म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. ते 2017 पासून चालू आहे, पण देशाचा दर महिन्याचा आकडा एप्रिल 2025 पासूनच येऊ लागला. निवडलेल्या घरी कर्मचारी लागोपाठ चार महिने जातो आणि मागच्या 7 दिवसांचा हिशेब विचारतो.

त्या 7 दिवसांत एखाद्या दिवशी निदान 1 तास काम केलं, की माणूस रोजगारात. घरच्या रानात बिनपैशाचं राबलं तरी ते कामच. एक तासही काम नाही, पण शोधत होता किंवा मिळालं असतं तर केलं असतं, तो बेरोजगार. आणि काम नाही, नकोही होतं, तो श्रमबलाच्या बाहेर. लातुरात खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा "सध्या काम नको, अभ्यास चालू आहे" म्हणाला, तर तो या तिसऱ्या गटात जातो. गाव त्याला बेकार म्हणतं, तो भाग वेगळा.

[पडद्यावर आकडे]

आता गणित. समजा, गावात 15 वर्षांवरची 100 माणसं. 52 कामाला, 3 शोधात, 45 बाहेर. दर काढताना 3 ला 100 नं भागायचं नाही. 52 आणि 3 मिळून 55, तेवढंच श्रमबल. 3 भागिले 55, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. बातमी वाचताना हमखास चूक होते ती इथंच.

त्या तिघांतल्या एकानं कंटाळून काम शोधणं सोडलं. आता 2 भागिले 54. दर 3.7 टक्के! नवं काम कोणालाच मिळालं नाही आणि बेरोजगारी घटली.

म्हणून शेजारी श्रमबल सहभाग दर, म्हणजे 15 वर्षांवरच्या शंभरांतले किती जण श्रमबलात आहेत ते, ठेवल्याशिवाय हा आकडा वाचूच नये. एप्रिल 2025 मध्ये देशाचा सहभाग दर 55.6 टक्के होता, बेरोजगारी 5.1. मे महिन्यात सहभाग 54.8 वर आला आणि बेरोजगारी 5.6 वर गेली. म्हणजे श्रमबल आटलं, आणि उरलेल्यांतही रिकामे हात वाढले.

मग महिनाभरात अर्थव्यवस्था बसली का? तसं लगेच म्हणता येत नाही. मे महिन्यात रब्बीची सुगी उरकलेली असते, पेरणीला अजून अवकाश असतो. या मासिक आकड्यांतून हंगामाचा चढउतार काढून टाकलेला नसतो. त्यामुळं मे महिना एप्रिलशी नव्हे, मागच्या वर्षीच्या मे महिन्याशी ताडून पाहावा. मालिकाच 2025 ची, तेव्हा तशी पहिली तुलना 2026 मध्येच शक्य. आणि पाहणी नमुन्याची आहे, एक-दोन दशांशाच्या हालचालीवर मथळे बांधू नयेत.

[दृश्य: बंद घरांची वस्ती. मग ट्रॅक्टरवर लादलेला संसार.]

दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडं निघतात. पाडव्याच्या सुमारास परततात, तेव्हा इथं हाताला काम थोडंच असतं. ही ये-जा मासिक आकड्यात शोधायला जाल तर सापडणार नाही. तो आकडा अख्ख्या देशाचा, फार तर ग्रामीण आणि शहरी असा फोडलेला. त्यात बीड नाही, परभणीही नाही.

[दृश्य: पुन्हा टॅब. पडद्यावर सात दिवसांचे रकाने.]

एक प्रश्न मात्र प्रश्नावलीत आहे, मथळ्यात येत नाही: कोणत्या दिवशी किती तास काम केलं, आणि आणखी काम मिळालं असतं तर केलं असतं का?

सोमवार, सात तास. मंगळवार, पाऊस. बुधवार, तीन तास. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, काही नाही. रविवार, बाजार.

आणखी काम केलं असतं का?

"दिलं असतं तर केलं असतं की."