पेशीला वाट सापडते कशी?

जिवाणूचा पाठलाग करणाऱ्या पेशीचा तो चित्रपट तुम्ही पाहिलेलाच असणार, म्हणून आज दाखवत नाही. मागूनही मिळणार नाही. (हशा) १९५०च्या दशकात व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी तो १६ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपला. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गर्दीतून एक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंना गिळणारी पांढरी पेशी, जिवाणूच्या मागे लागते, वाटेतल्यांना ढकलते आणि शेवटी त्याला गिळते. बघणाऱ्याला उंदरामागची मांजरच आठवते. प्रत्यक्षात तो जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकस. त्याला स्वतःहून पळताही येत नाही, धक्के बसतील तिकडे सरकतो बिचारा.

माझी तक्रार वेगाबद्दल आहे. ही फीत नेहमी पळवून दाखवतात, आणि मग लोक विचारतात, "पेशीला दिसतं का हो?" अहो, ती मिनिटाला साधारण १० मायक्रॉन सरकते, म्हणजे तासाला जेमतेम अर्धा मिलिमीटर! एका निवड समितीपुढे मी हट्टाने मूळ वेगाची फीत लावली. थोड्या वेळाने एक सदस्य हळूच म्हणाले, "यंत्र अडकलंय का?" (हशा) अनुदान मिळालं नाही, हे सांगायला नकोच.

पण हळू बघितलं तरच खरी गंमत कळते. पुढच्या कडेला पातळ पदर थरथरत असतो. आत अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू पेशीच्या पडद्याकडच्या टोकाला वाढत जाऊन तो पुढे रेटतात, मागे मायोसिन हे दुसरं प्रथिन शेपूट आवळून घेतं. यात केंद्रकाचं फारसं काम नाही. माशाच्या खवल्यांवरच्या पेशींचे केंद्रक नसलेले तुकडेसुद्धा खुशाल चालतात. आणि दिशा? ती रसायनाच्या मागावर ठरते, जिकडे ते जास्त तिकडे पेशी वळते. संशोधक सॅली झिगमंड यांनी १९७७ साली दाखवलं, की न्यूट्रोफिलच्या दोन टोकांशी रसायनाच्या प्रमाणात सुमारे १ टक्का फरक असला, तरी तिला तो कळतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, ज्यासाठी बोलावलंत ते आता भरभर सांगतो.

रसायनाचा हा फरक पेशीला आयता मिळतो, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा पेशी तो स्वतः तयार करते. सगळीकडे सारखं पसरलेलं रसायन ती आपल्याभोवतीचं मोडून संपवते. मग जिथे ते शिल्लक आहे तीच पुढची दिशा. रॉबर्ट इन्सॉल यांच्या गटाने २०२०मध्ये डिक्टिओस्टेलियम नावाच्या, मातीत राहणाऱ्या एकपेशीय अमीबांना चक्क लंडनच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या बागेतल्या चक्रव्यूहाची सूक्ष्म प्रतिकृती दिली. बंद गल्लीतलं रसायन लवकर संपतं, खुल्या वाटेने नवं येत राहतं, त्यामुळे त्यांना वळणापलीकडचंही कळतं. गल्ली बंद पण लांब असली, तर मात्र फसतात.

मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशीही असंच करतात. त्या एलपीए नावाचं मेदद्रव्य मोडतात. गर्दी वाढली की आत ते संपतं, बाहेर उरतं, आणि पेशी बाहेरच्या दिशेने निघतात. तेव्हा कर्करोग पसरतो कसा हे शोधताना पेशीला ओढतं काय, एवढंच विचारून भागत नाही. ते संपवतं कोण, हेही मोजायला हवं. मोजायचं कसं, यावर तीन स्लाइड होत्या, त्या राहू द्या. प्रश्न घेऊ.