हळू वाजव, लेकरा

(हलगीवर ज्वारीचे दाणे. कॅमेरा अगदी जवळ.)

तुळजापूर तालुक्यातली एक अंगणवाडी. ताईंनी हलगी आडवी धरलीय, कातड्यावर चिमूटभर ज्वारी टाकलीय.

"टिचकी मार बरं."

दाणे जागच्या जागी थरथरतात.

"आता काडीनं हाण!"

खणकन आवाज होतो, दाणे उडून पार सतरंजीभर. लेकरं ते वेचायला धावतात. "ताई, अजून एकदा!"

तीन ते सहा वर्षांच्या लेकरांपुढं कंपनाची व्याख्या कशाला? कातडं जास्त हललं की आवाज मोठा, हे दाण्यांनीच दाखवलं.

मोठा आवाज शिकवावा लागत नाही. खरी मेहनत हळू आवाजाची. "हळू वाजव" म्हटलं की निम्मी लेकरं वाजवायचंच थांबतात. मग ताई त्यांना घरातल्या गोंधळाची आठवण करून देतात. गोंधळी कथा सांगायला लागला की संबळ कसा खाली येतो? वाजत तर असतो, पण तुणतुणंही ऐकू येतं. लगेच इवलेसे हात सावरतात, काडी कातड्याला जेमतेम टेकते.

बारीक म्हणजे हळू अन् जाड म्हणजे मोठा, अशी गल्लत लेकरं हमखास करतात. डासाची गुणगुण बारीक असते, हळूही असते. पण शिट्टी त्याहून बारीक असून कान फाडते.

(लग्नाची वरात. डीजे.)

आपलं साधं बोलणं साठेक डेसिबल. ८५ च्या वरचा आवाज तासन्‌तास कानावर पडला तर इजा होते. डीजे तर शंभरीही सहज ओलांडतो. कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. लेकराला खांद्यावर घेऊन डीजेपुढं नाचणाऱ्या मामाला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

(पुन्हा अंगणवाडी.)

आता डोळे मिटायचे. ताई मागं उभ्या राहून वाटीतली ज्वारी हलकेच हलवतात. ऐकू आलं त्यानं हात वर करायचा. एखादं लेकरू रोजच हात वर करत नसेल, तर ताई त्याचं नाव लिहून ठेवतात. घरचे म्हणतात, "लाजरं हाय ते." असेलही. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यात कानाचीही तपासणी असते. पथक यायला वेळ असेल, तर ताई आईला म्हणतात, "थांबू नका, सरकारी दवाखान्यात कान दाखवून आणा."