चोक आत ढकलला तरी इंजिन रेसमध्येच? मारुती 800 चा चोक आणि फास्ट आयडल

[बॉनेट उघडं, इंजिन थंड. कॅमेऱ्याकडे बघून.]

नमस्कार मंडळी. कार्ब्युरेटरवाल्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग असलेल्या मारुती 800 च्या दोन तक्रारी कायम ऐकू येतात. सकाळी गाडी पकडते आणि दोन सेकंदांत बंद पडते. किंवा इंजिन गरम झालं, चोक (थंड इंजिन चालू करताना ओढायचा नॉब) पूर्ण आत ढकलला, तरी रेस, म्हणजे इंजिनाचा वाढलेला वेग, उतरत नाही. बहुतेक गॅरेजमध्ये दोन्हींवर एकच इलाज होतो, तो म्हणजे स्लोचा (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने चालतं, त्याचा) स्क्रू फिरवणं. त्याने दोष झाकला जातो आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते. म्हणून आज स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावणार आहोत.

आधी चोकचा नॉब ओढल्यावर काय होतं ते बघू. एकच केबल दोन कामं करते. पहिलं काम, कार्ब्युरेटरच्या तोंडावरची चोकची पट्टी बंद करणं. हवा कमी, ओढ जास्त, त्यामुळे पेट्रोल जास्त येतं. दुसरं काम, बाजूचा छोटा कॅम (उंचवटा असलेला तुकडा) फिरवून थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप, किंचित उघडणं. हे फास्ट आयडल, म्हणजे थंड इंजिनासाठीचा वाढीव स्लो. थंड इंजिनात तेल घट्ट असतं आणि पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ते नेहमीच्या स्लोवर टिकत नाही. आता यातलं एक काम होतंय आणि दुसरं होत नाही, असं असेल तर नुसता स्क्रू फिरवून ते कसं सुधारेल?

[एअर क्लिनर काढलेला. कार्ब्युरेटरच्या तोंडाचा क्लोज-अप.]

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एक जण आत बसून नॉब हळू ओढेल, दुसरा इथे बघेल. पूर्ण ओढल्यावर पट्टी तोंड पूर्ण झाकते का? पूर्ण आत ढकलल्यावर ती एकदम उभी होते का? आणि तिसरी गोष्ट, जी कोणी बघत नाही: नॉब आत गेल्यावर कॅमही मूळ जागी परत येतो का? पट्टी उघडली पण कॅम अर्ध्यातच अडकला, तर गरम इंजिनाची रेस उतरणारच नाही. रेस न उतरण्याचं हे नेहमीचं कारण आहे, आणि ते निव्वळ धूळ-चिकट्याचं आहे. कार्ब क्लिनर मारा, जुन्या टूथब्रशने कॅम आणि पट्टीचा दांडा घासा, पुन्हा क्लिनर मारा. वर ऑइल किंवा ग्रीस लावू नका. त्यावर धूळ बसते आणि महिनाभरात तेच दुखणं परत येतं. कॅमची आणि थ्रॉटलची स्प्रिंग जागेवर आहे, ताणून ढिली झालेली नाही, हेही बघून घ्या.

केबल. नॉब पूर्ण आत असताना आतल्या तारेला 1 ते 2 मिलिमीटर ढील हवी. अजिबात ढील नसेल तर पट्टी कधीच पूर्ण उघडणार नाही: काळा धूर, काळे प्लग, ॲव्हरेज खाली. ढील जास्त असेल तर पट्टी पूर्ण बंद होणार नाही आणि सकाळी सेल मारत बसावं लागेल. तारेचा स्क्रू सोडा, नॉब पूर्ण आत ढकला, पट्टी उभी धरा, ढील ठेवून स्क्रू आवळा. बाहेरच्या आवरणाची क्लिपही घट्ट करा, नाहीतर तारेऐवजी आवरणच सरकतं. नॉब ओढलेल्या जागी थांबत नसेल तर लोक कपड्यांचा चिमटा लावतात. काम चालतं, पण चिमटा काढायचा राहतो आणि गाडी चोकवर वीस किलोमीटर जाते. केबल महाग नाही, बदलून टाका.

आता पकडून लगेच बंद पडणाऱ्या गाडीचं. इंजिन चालू झाल्याबरोबर पट्टी किंचित, साधारण 2-3 मिलिमीटर उघडायला हवी, नाहीतर पेट्रोल ओव्हर होऊन इंजिन गुदमरतं. तुमच्या कार्ब्युरेटरवर हे काम व्हॅक्यूमच्या डायफ्रॅमकडे (इंजिनाच्या ओढीने हलणाऱ्या रबरी पडद्याकडे) असेल तर तो असा तपासा: त्याची नळी काढा, औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज तिथे जोडा आणि दट्ट्या ओढून धरा. दांडी आत ओढली जाऊन तिथेच थांबली तर डायफ्रॅम चांगला. दट्ट्याला जोरच लागला नाही आणि दांडी हलली नाही, तर तो फाटलेला आहे.

[पाण्याच्या स्प्रेची बाटली हातात.]

पुढचं दुखणं जास्त फसवं आहे. इंजिन गरम आहे, तरी चोक थोडा ओढल्याशिवाय चालतच नाही. इथे चोकचा काही दोष नाही. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय आणि तुम्ही चोकने ती उणीव भरून काढताय. तीन जागा बघा. एक, स्लो जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदलेला असेल. तो काढून क्लिनर आणि हवेने साफ करा, आत तार घालू नका, भोक मोठं होतं. दोन, पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असेल तर चावी ऑन-ऑफ करताना टिक असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर आधी वायर बघा. तीन, कुठून तरी हवा खातंय. कार्ब्युरेटरखालची गॅस्केट, जाड इन्सुलेटर आणि सगळ्या नळ्या, यांवर चालू इंजिनात एकेक करून साधं पाणी फवारा, फक्त डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी वाचवून. आवाज बदलला की गळती तिथेच. गरम इंजिनावर कार्ब क्लिनर मारून ही तपासणी कृपया करू नका, आग लागते.

इथे पेट्रोलचाही विचार करा. 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला तेवढ्याच हवेत जास्त पेट्रोल लागतं, आणि इथेनॉलची वाफ व्हायला उष्णताही जास्त लागते. म्हणजे जुन्या सेटिंगवर या गाड्या पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेल्या मिश्रणावर चालतात, आणि थंडीत ते जाणवतं. जुन्या नळ्या आणि डायफ्रॅमचं रबरही यात लवकर खराब होतं.

एवढं सगळं झाल्यावर स्क्रू ड्रायव्हर घ्या. इंजिन पूर्ण गरम, चोक आत, एअर क्लिनर जागेवर, दिवे आणि पंखा बंद. मिक्श्चरचा, म्हणजे स्लोवरचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा. जोर लावलात तर सुईचं टोक खराब होईल. तिथून अडीच आटे बाहेर काढा आणि अर्धा-अर्धा आटा फिरवून जिथे इंजिन सगळ्यात वेगात आणि सरळ चालतं तिथे सोडा. मग स्लोच्या स्क्रूने वेग 900 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास आणा. गाडीत आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे टॅकोमीटर असलेला मल्टिमीटर वापरत असाल तर त्यावर 3 सिलिंडर निवडा, नाहीतर आकडा चुकेल.

[कॅमचा क्लोज-अप.]

फास्ट आयडल सगळ्यात शेवटी. गरम इंजिनावर चोक ओढून ते लावता येत नाही, पेट्रोल ओव्हर होतं. रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी पहिल्या सेलला बघा. 1500 ते 1800 आरपीएमच्या दरम्यान इंजिन सरळ चालायला हवं. कमी असेल तर फास्ट आयडलचा स्क्रू पाव आटा आत, जास्त असेल तर पाव आटा बाहेर. फक्त हाच स्क्रू, स्लोचा नाही. सेल मारताना तोंड कार्ब्युरेटरवर आणू नका, बॅकफायर झाला तर ज्वाळा वर येते.

मुंबई-कोकणात पूर्ण चोक क्वचितच लागतो, अर्धा पुरतो. नाशिकच्या डिसेंबरात पूर्ण ओढा, पण एक-दोन मिनिटांत निम्मा आत घ्या. आणि गाडी बरेच दिवस चोकवर पळालेली असेल तर ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलंय. ते ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.