एक वर्ष फुकट घालवायची ऐपत

नमस्कार श्रोतेहो.

आटपाडीकडच्या एका हायस्कूलमध्ये मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. एका बाकावरची दोन पोरं अजून डोळ्यांसमोर आहेत. पहिल्याच्या घरी डाळिंबाची बाग, वडील सोसायटीत नोकरीला. दुसऱ्याचे आईवडील दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला उसाच्या फडात. गणितात म्हणाल तर दुसरा थोडा पुढंच होता.

बारावीनंतर पहिल्याला प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले. वडिलांनी त्याला पुण्यात खोली घेऊन दिली, क्लास लावला. वर्षानं तो इंजिनिअरिंगला लागला. दुसऱ्यानं मात्र अकरावीतच शाळा सोडली आणि गलईच्या दुकानात कामाला कोइमतूरला गेला. विटा-आटपाडीच्या श्रोत्यांना गलई समजवायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. या धंद्यावर गावाकडं बंगले उभे राहिले, हेही खरं. पण भट्टीपुढं ॲसिडच्या धुरात बसणाऱ्या पोराचा बंगला क्वचितच असतो.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, फी तर माफ असते. असते ना. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या पोरांना फीची सवलत आली, तिच्यावर किती घरं शिकली. 2024 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीसुद्धा सरकार भरतं. पण खोलीचं भाडं, मेस, एसटीचा पास हे दर महिन्याला लागतं, आणि शिष्यवृत्ती येते मागाहून. शिवाय फडात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा. सोळा वर्षांचं पोरगं म्हणजे घरचा अर्धा कोयता. त्याला वर्गात बसवायचं तर तेवढी उचल कमी मिळणार. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंतच. हा हिशेब सुरू होतो त्यानंतर.

कर्मवीर भाऊराव पाटलांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. 1919 ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात वसतिगृह. पोरांची भाकरी सुटली तर पोरं शिकतील, एवढं साधं. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुढं 'कमवा आणि शिका' आलं. शिकताना पोराच्या हातात चार पैसे पडावेत, हा त्यामागचा विचार. आपण मात्र फीचा आकडा धरून बसलो, भाकरीचा विसरलो. हे माझं मत आहे, कुणाला पटणार नाही.

मागच्या दिवाळीत त्या दुसऱ्याचा फोन आला. आता दुकानात जुना माणूस झालाय. म्हणाला, "सर, बाहेरून बारावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म असतो म्हणं?" म्हटलं, असतो की. "परीक्षा कधी?" म्हटलं, फेब्रुवारीत. थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "तेव्हा लग्नसराई असती सर, दुकानात गर्दी. शेठला विचारून सांगतो."